स्लॅब पडला

परवा सकाळी मुलाचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. ‘बाबा, एकविसावा स्लॅब पडला!’ फोन स्पीकरवर होता आणि आमची सौ. चहा गाळीत होती. तिने गाळणे तसेच भांड्यावर ठेवले आणि घाबऱ्या आवाजात विचारले, ‘अगं बाई! कुणाला लागलं का?’

मुलगा हसला, मीही हसलो. पण वाशीत सिडकोच्या घरात जवळजवळ चाळीस वर्षे काढलेल्या बाईने दुसरे काय विचारावे? आपल्या भाषेतली ही गंमत आहे. बांधकामावरच्या माणसाच्या तोंडी ‘स्लॅब पडला’ म्हणजे स्लॅब टाकून झाला, पेढे वाटा. आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्याच्या तोंडी ‘स्लॅब पडला’ म्हणजे छत कोसळले, धावा. तेच दोन शब्द. एक उच्चार प्रगतीचा, दुसरा अधोगतीचा. या दोन अर्थांच्या मध्ये सर्वसाधारण मध्यमवर्गीय माणसाचे सगळे आयुष्य आणि बहुतेक सगळी कमाई बसते.

मुलाने खारघरच्या गोल्फ कोर्सशेजारी उभ्या राहणाऱ्या एका टोलेजंग संकुलात घर घेतले आहे. म्हणजे घेतले आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्याने आतापर्यंत एक करारनामा, एक कर्ज आणि फोनवर येणारी छायाचित्रे एवढेच घेतले आहे. दर महिन्याला बिल्डरकडून ‘कामाची प्रगती’ म्हणून फोटो येतात. गेल्या महिन्यापेक्षा इमारत दोन-तीन मजल्यांनी वाढलेली असते, मागे डोंगर असतो आणि पुढे हिरवेगार मैदान. माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे, ‘लक्झरी कंडोमिनियम’.

हा शब्द वाचून मला जरा हसू आले. नवी मुंबईच्या जुन्या रहिवाशांना ‘कंडोमिनियम’ हा शब्द अपरिचित नाही. १९७० साली महाराष्ट्राने अपार्टमेंट ओनरशिपचा कायदा केला. सहकारी सोसायटीत इमारत सोसायटीची असते आणि आपण तिचे सभासद असतो. या कायद्यात सदनिका थेट आपल्या नावावर, आणि जिना, गच्ची, गटार, जमीन यांत प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा. सिडकोने आपल्या कितीतरी वसाहतींना हीच पद्धत लावली. त्यामुळे आमच्याकडे कंडोमिनियम म्हणजे अल्प उत्पन्न गटाची बैठी घरे, चारमजली इमारती, तुंबलेली मलवाहिनी आणि ‘आतली कामे महापालिकेने करायची की रहिवाशांनी’ हा वर्षानुवर्षे चाललेला वाद. नगरसेवकांच्या कितीतरी निवडणुका या एका शब्दावर लढल्या गेल्या. तोच शब्द आता तिसाव्या मजल्यावर चढून बसला आहे. शब्दांचीही पदोन्नती होते, बँकेतच होते असे नाही.

गोल्फ या खेळाशी आमच्या घराण्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. काहीही नाही. मुलाने हातात कधी ती काठी धरलेली नाही. मग गोल्फ कोर्सशेजारीच घर का? ‘बाबा, समोर कायम मोकळं राहणार. कुणी बिल्डिंग बांधू शकणार नाही.’ त्याचे म्हणणे चुकीचे नाही. समोरच्या इमारतीतल्या माणसाचा टीव्ही आपल्या स्वयंपाकघरातून पाहत वाढलेला तो मुलगा. त्याला खेळ नको आहे, त्याला खिडकीबाहेर काहीही नसणे हवे आहे. आणि हे ‘काहीही नसणे’ आजच्या बाजारातली सर्वांत महाग वस्तू आहे. मैदानाकडे तोंड असलेल्या सदनिकेला त्याने साडेसहा लाख रुपये जादा मोजले.

गेल्या रविवारी मी एकटाच तिथे गेलो. बेलापूरहून मेट्रो पकडली. २०२३ च्या नोव्हेंबरात ही मेट्रो सुरू झाली. सेंट्रल पार्कला उतरून रिक्षा केली. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने २०१२ च्या सुमारास सुरू केलेले हे गोल्फचे मैदान खरोखर देखणे आहे. पावसाळा संपता संपता डोंगर असा हिरवा असतो की मैदान कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो कळत नाही. वर चाफेवाडी, फणसवाडीचे आदिवासी पाडे आहेत. खाली रस्त्याच्या कडेला भाजीचे वाटे मांडून बायका बसल्या होत्या. मैदानाला कुंपण आहे. आत खेळायचे तर सदस्यत्व हवे किंवा शुल्क भरायला हवे. बाहेरून पाहायला मात्र पैसे पडत नाहीत, अजून तरी. एकविसाव्या मजल्यावरून पाहायचे असेल तर पडतात.

साइटवर एक तरुण अभियंता भेटला. मी माझी ओळख ‘फ्लॅटधारकाचे वडील’ अशी करून दिली. त्याने मोठ्या आस्थेने समजावले, ‘काका, आता पूर्वीसारखं नाही. मिवान शटरिंग आहे. ॲल्युमिनियमचे साचे. भिंती आणि स्लॅब एकदमच. आठ-दहा दिवसांत एक मजला.’ मी म्हटले, ‘आणि मागणीपत्र?’ तो हसला. ‘ते ऑफिसमधून जातं, काका.’

इथे वाचकांना थोडा हिशेब सांगावासा वाटतो. सवय जात नाही. रेराचा कायदा २०१६ साली झाला, महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून काम करू लागले. त्यापूर्वी १९६३ चा मोफा कायदा होता. रेराने बऱ्याच चांगल्या गोष्टी केल्या. ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्याशिवाय ते काढायचे नाहीत. दर तीन महिन्यांनी प्रगती संकेतस्थळावर मांडायची. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात टप्पेही ठरवून दिलेले आहेत. करारानंतर एकूण तीस टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर पंचेचाळीसपर्यंत, आणि सगळे स्लॅब पूर्ण होईतो सत्तर टक्क्यांपर्यंत.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा इमारतीला ना दार असते, ना खिडकी, ना नळ, ना वीज, ना लिफ्ट. राहण्याच्या दृष्टीने ते घर शून्य टक्के असते. आणि तुमच्या खिशातून सत्तर टक्के गेलेले असतात. म्हणजे स्लॅब ही इमारतीची प्रगती खरी, पण त्याहीपेक्षा ती मागणीपत्रांची प्रगती आहे. नव्या साच्यांमुळे स्लॅब भराभर चढतात, तेवढ्याच भराभर कर्जाचे हप्ते सुटतात. त्यानंतरची कामे, प्लास्टर, नळ, रंग, लिफ्ट, अग्निशमन, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, यांना स्लॅबचा वेग कधीच नसतो. कारण आता घाई बिल्डरला उरलेली नसते, आपल्याला असते.

हे मला कळते, कारण या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसलेलो आहे.

१९९५-९६ ची गोष्ट. नवी मुंबईतल्या एका शाखेत मी कर्जखाते पाहत होतो. एक शिक्षक होते. मी त्यांना गुरुजी म्हणे, ते मला साहेब म्हणत. वयाने ते मोठे होते, पण कर्ज घेणारा माणूस देणाऱ्याला साहेबच म्हणतो. पनवेलच्या बाजूला एका इमारतीत त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. व्याजदर पंधरा टक्क्यांच्या वर. बिल्डरच्या वास्तुविशारदाचा दाखला आला, ‘चौथा स्लॅब पूर्ण’. नियमाप्रमाणे मी जागेवर जाऊन पाहायला हवे होते. मार्चअखेर होती. टेबलावर फायलींचा ढीग, वरून उद्दिष्टांचा तगादा. मी फाइलवर शेरा मारला, ‘जागेची पाहणी केली, काम समाधानकारक’, आणि धनाकर्ष काढला.

गुरुजी समोरच बसले होते. म्हणाले, ‘साहेब, तुम्ही स्वतः पाहून आलात ना? मग मला काळजी नाही.’

मी म्हटले, ‘हो.’

पुढे दोन महिन्यांनी मी गेलो. चौथा सोडाच, दुसऱ्या स्लॅबचेही काम अर्धवट होते. खांबांतून वर आलेल्या सळ्यांना गंज चढला होता आणि एका खांबाला शेळी बांधलेली होती. ती इमारत पुढे पूर्ण झालीच नाही. बिल्डर गेला, फोन बंद झाला, कोर्टात तारखा पडत राहिल्या. गुरुजींनी मात्र एकही हप्ता चुकवला नाही. चाळीतल्या खोलीचे भाडे आणि नसलेल्या घराचा हप्ता, दोन्ही त्यांनी पगारातून वर्षानुवर्षे भरले. बँकेच्या हिशेबात ते खाते कधीच थकले नाही. लेखापरीक्षकाने त्यावर बोट ठेवले नाही. बँकेच्या दृष्टीने गुरुजी आदर्श कर्जदार होते आणि मी कार्यक्षम अधिकारी. माझी पुढची बढतीही वेळेवर झाली.

गुरुजी आता नाहीत. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, कारण मी खोटे बोललो हे त्यांना कळलेच नाही. मी नऊ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत किती माणसांची पापे मांडली, पण ही एक फाइल उघडायला पासष्टी ओलांडावी लागली.

तेव्हापासून काहीच बदलले नाही, असे मी म्हणणार नाही. ते खरेही नाही. बिल्डरला आगाऊ पैसे देण्याच्या ‘ऐंशी-वीस’सारख्या योजना फोफावल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले की कर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी जोडलेलेच असले पाहिजे. २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्याला वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. आणि योगायोग पाहा, ग्राहकाच्या बाजूचा एक महत्त्वाचा निकालही गोल्फ कोर्सचे नाव लावणाऱ्या रस्त्यावरूनच आला. गुरुग्रामच्या गोल्फ कोर्स एक्स्टेंशन रोडवरचा एक प्रकल्प. करारात लिहिले होते की ग्राहकाचा हप्ता उशिरा आला तर अठरा टक्के व्याज, आणि बिल्डरचा ताबा उशिरा झाला तर नऊ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी स्पष्ट केले की असा एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक नाही, ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीसुद्धा २०२५ मध्ये दिल्ली परिसरातल्या प्रकल्पांबाबत बिल्डर आणि बँका यांच्या साटेलोट्याचा तपास सीबीआयकडे सोपवण्याची वेळ त्याच न्यायालयावर आली. म्हणजे फाइलवर शेरा मारणारा माझा हात एकटा नव्हता आणि शेवटचाही नव्हता.

आता त्या साडेसहा लाखांविषयी. मुलाने मोजले ते दृश्यासाठी. मी करारनामा काढून वाचला. छपाई बारीक होती, पण मी बारीक छपाई वाचण्याचाच पगार घेत होतो. ‘मैदान समोर राहील’ असे त्यात कुठेही नाही. असेल कसे? मैदान बिल्डरचे नाही. ज्या वस्तूवर आपली मालकी नाही, ती त्याने आपल्याला विकली आहे, आणि आपण ती आनंदाने घेतली आहे. रेराच्या बाराव्या कलमानुसार जाहिरातीतील खोट्या विधानामुळे नुकसान झाले तर भरपाई मागता येते. पण आज मैदान समोर आहे, तेव्हा जाहिरात आज खोटी नाही. प्रश्न उद्याचा आहे, आणि उद्याचे उत्तर नियोजन प्राधिकरणाच्या नकाशात असते.

नकाशे किती सहज बदलतात, हे पाहायला दूर जायला नको. नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकाठी पाणथळ जागा आहे, रोहित पक्षी तिथे उतरतात. त्या जागेवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल उभारायचे ठरले, आराखड्यात तसा बदलही झाला. नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो बदल रद्द ठरवला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पाणथळ जागेचे मैदान होऊ शकते असे ज्या शहराला वाटले, त्याच शहराला मैदानाचे मनोरे होऊ शकतात असे कधीच वाटणार नाही, या भरवशावर माझ्या मुलाने साडेसहा लाख मोजले आहेत.

या नकाशाचा एक जुना थरही आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या रक्तातून आली. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेल्या विमानतळासाठीही त्यांच्याच नावाचा आग्रह इथल्या गावांनी धरला, तो उगीच नव्हे. भातखाचरे घेताना ‘सार्वजनिक हित’ हे शब्द वापरले गेले होते. कुंपणाआडचे मैदान आणि त्याच्या दृश्याची विक्री हे सार्वजनिक हितात कसे बसते, हा प्रश्न विचारायला माणूस प्रकल्पग्रस्तच असावा लागतो असे नाही.

आणि पाणी. हिरवळ उन्हाळ्यातही हिरवी लागते. खारघर-तळोज्याच्या रहिवाशांनी पाण्यासाठी सिडकोवर मोर्चे काढले आहेत. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते मैदानाला देता येते आणि तसेच दिले पाहिजे. पण वरच्या शेकडो घरांना प्यायला पाणी कुठून येणार, हे प्रगतीच्या एकाही छायाचित्रात दिसत नाही. स्लॅबचा फोटो काढता येतो. न आलेल्या पाण्याचा काढता येत नाही.

दुसरी बाजूही मांडतो. मित्र म्हणतात, अरे, हे मैदान नसते तर तिथेही मनोरेच असते. श्रीमंतांच्या खेळाने निदान मोकळी जागा तरी राखली. चेंबूरचे गोल्फचे मैदान १९२७ पासून आहे. ते नसते तर त्या भागात इतकी झाडे राहिली असती का? हे मला मान्य आहे. मोकळी जागा कुणी का राखेना, राखली हे मोलाचे. माझी तक्रार मैदान असण्याबद्दल नाही, ते कुणासाठी आहे याबद्दल आहे.

माझे बालपण नाशिकला गेले. आमच्या लहानपणी ‘गोल्फ क्लबवर जातो’ म्हटले की आई विचारी, ‘बॅट कुणाची?’ कारण गोल्फ क्लब म्हणजे क्रिकेट खेळायचे भले मोठे मैदान, एवढेच आम्हाला ठाऊक. साहेब लोक तिथे कधीकाळी गोल्फ खेळत हे फार उशिरा कळले. आज त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणाऱ्या तरुणाचे नाव साहेबांच्या मैदानाला मिळाले, इतिहासाने याहून सुंदर हस्तांतरण क्वचितच केले असेल. तिथे रणजीचे सामने झाले, पहाटे हजारो पावले चालतात. गोल्फ गेला, मैदान लोकांचे झाले. आमच्या खारघरला गोल्फ आहे, मैदान आहे, फक्त ते लोकांनी खिडकीतून पाहायचे आहे, तेही जादा पैसे भरून. सिडकोने मैदानाच्या कडेने एक पायवाट सकाळ-संध्याकाळ सर्वांसाठी खुली ठेवली, तर खेळात कोणता व्यत्यय येणार आहे? भाजी विकून पाड्यावर परतणारी बाई आणि एकविसाव्या मजल्यावरचा माझा मुलगा एकाच वाटेने चालले, तर त्या दृश्याची किंमत कमी होणार नाही.

असो. मुलाने त्या फोनवर शेवटी विचारले होते, ‘बाबा, मागणीपत्र आलंय. बँक पैसे सोडतेय. सही करू ना?’

मी त्याला म्हटले, ‘शनिवारपर्यंत थांब. मी स्वतः वर जाऊन स्लॅब मोजून येतो.’ तो म्हणाला, ‘अहो, फोटो आहे ना! आणि एवढे जिने?’ मी काही बोललो नाही. तीस वर्षांपूर्वी मला चार मजले मोजायचे होते, तेही मी मोजले नाहीत. आता गुडघे दुखतात, पण एकवीस मोजलेच पाहिजेत. साइटवर परवानगी मिळाली, हेल्मेट मिळाले. बांधकामाच्या लिफ्टने वर गेलो आणि एकेक मजला मोजत जिन्याने खाली आलो.

स्लॅब एकवीसच होते. दाखला खरा होता. सोळाव्या मजल्यावर झारखंडहून आलेला एक पोरगेला मजूर सळ्या बांधत होता. त्याला विचारले, ‘गोल्फचं मैदान पाहिलंस का?’ तो म्हणाला, ‘रोज दिसतं. खेळतात काय, ते समजत नाही.’ त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, कमरेला पट्टा मात्र नव्हता. खाली उतरल्यावर मी ते त्या तरुण अभियंत्याला सांगितले. तो म्हणाला, ‘देतो, काका.’ मी तिथेच बसून राहिलो. अर्ध्या तासाने पट्टा वर गेला.

घरी आल्यावर मुलाला सांगितले, सही कर. आणि सौ.ला सांगितले की तू त्या दिवशी विचारलेस ते बरोबरच होते. प्रत्येक स्लॅब पडला की, तो कोणत्याही अर्थाने पडो, आधी तेवढेच विचारायचे असते. कुणाला लागलं का?